बंबवाले

आमच्या घराच्या मागच्या अंगणात एक तांब्याचा बंब होता. भल्या पहाटे आई त्याच्या मधल्या नळीत गोवरीचे तुकडे, करवंट्या नि लाकडाच्या ढलप्या टाकी, आणि थोड्याच वेळात तोटीतून कढत पाणी येऊ लागे. पोटात विस्तव नि भोवती पाणी, असा हा बंब माझ्या रोजच्या ओळखीचा. त्यामुळे सहा-सात वर्षांचा असताना एके दुपारी “पेठेत आग लागली! बंब आला, बंब आला!” असा ओरडा कानी पडला, तेव्हा मी बुचकळ्यात पडलो. आधीच आग लागलेली. तिथे आणखी विस्तव घेऊन येणाऱ्या बंबाचे काम काय? धावत जाऊन पाहतो, तो तांबड्या रंगाची भली थोरली मोटार, तिच्यावर लखलखणारी पितळी घंटा आणि जाडजूड नळ्या खांद्यावर घेऊन धावणारी माणसे. एक बंब विस्तवाने पाणी तापवतो, दुसरा पाण्याने विस्तव विझवतो, हा उलगडा मला त्या दिवशी झाला. पुढे मराठी शिकवू लागल्यावर एका शब्दाचे अनेक अर्थ सांगताना मी हेच उदाहरण देत असे.

त्या माणसांना सारे गाव बंबवाले म्हणे. सरकारदरबारी ते अग्निशमन दलाचे जवान. पण बंबवाले या नावात जी जवळीक आहे, ती त्या लांबलचक नावात नाही. दूधवाले, भाजीवाले यांच्या पंक्तीतच गावाने त्यांना बसवून टाकले होते. फरक एवढाच, की दूधवाल्याची वाट सारे पाहत आणि बंबवाल्याने आपल्या दारी कधी येऊ नये, असे प्रत्येकाला वाटे.

या बंबवाल्यांची एक मोठी गोष्ट मी दर एप्रिलमध्ये शाळेत सांगत असे. १४ एप्रिल ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. तीच तारीख आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळली जाते. दुसरे महायुद्ध चालू असताना, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात कापसाच्या गासड्या होत्या, सोन्याच्या विटा होत्या आणि सुमारे १४०० टन दारूगोळा होता. दुपारी कापसाने पेट घेतला. बंब आले, नळ्या जहाजावर चढल्या, पाण्याचा मारा सुरू झाला. आगीशेजारीच दारूगोळा आहे हे कळल्यावरही ती माणसे नळ्या सोडून पळाली नाहीत. चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. त्या दिवशी शेकडो माणसे प्राणास मुकली. त्यांत ६६ जण अग्निशमन दलाचे होते.

ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढे आणि मुले स्तब्ध होत. पण बंबवाले म्हणजे अशा महाभयंकर प्रसंगी प्राणावर उदार होणारे शूर पुरुष, एवढीच माझी त्यांच्याविषयीची समजूत होती. ती समजूत खोटी नव्हती, अपुरी होती. २०१६ सालच्या आषाढात मला ते कळून आले.

मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. आमचे घर कृष्णाकाठी, जुन्या आळीत; आजोबांनी बांधलेले, कौलारू. पत्नी दोन दिवस माहेरी गेली होती आणि घरात ब्याऐंशी वर्षांची आई एकटी होती. दुपारच्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती. इतक्यात शाळेचा शिपाई धापा टाकीत आला. “सर, शेजारून फोन आहे. घराला आतून कड्या आहेत, आई दार उघडत नाहीत आणि गॅसचा वास येतोय.” छत्री शाळेतच राहिली. सायकल दामटीत मी घरी पोचलो, त्याला वीसेक मिनिटे लागली असतील. तेवढ्या वेळात काय घडले, ते मला मागाहून शेजाऱ्यांकडून आणि आईकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकायला मिळाले.

पावसाची झड आत येते म्हणून आईने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. शेगडीवर दूध ठेवून ती डबा काढायला वळली आणि ओल्या फरशीवरून तिचा पाय घसरला. खुब्यात अशी काही कळ आली की तिला जागचे हलताच येईना. इकडे दूध उतू गेले, त्याने ज्योत विझली आणि गॅस मात्र तसाच सुटत राहिला. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती लक्षात यावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. तो वास शेजारच्या काकूंना आला, आणि त्यांनी तत्काळ १०१ क्रमांक फिरवला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर न जाता जमिनीलगत साचत जातो, आणि आमची आई जमिनीवरच पडलेली होती.

बंब आळीच्या तोंडाशीच थांबला. आमची आळी त्याला अरुंद. पाच-सहा बंबवाले धावत आले. त्यांनी पहिले काम केले ते लोकांना मागे सारण्याचे. कोणी तरी काळजीपोटी दारावरची विजेची घंटा दाबायला निघाला होता, त्याचा हात एकाने वरच्या वर धरला. त्या घंटेची एवढीशी ठिणगीही पुरे झाली असती. मग प्रश्न दाराचा. दार सागवानी, दुहेरी फळ्यांचे, आतून लोखंडी अडसर. घाव घातले असते तर फुटलेही असते. पण लोखंडावर लोखंड आपटले की ठिणगी उडते, आणि तेच तर टाळायचे होते. त्यातच आतून आईचा क्षीण आवाज आला, “अरे बाबांनो, दार फोडू नका रे. मामंजींनी बसवलेलं दार आहे.”

शेजारच्या काकू सांगतात, की हे ऐकून बाहेरच्या एक-दोघांना हसू आले. म्हातारीचा जीव जायची वेळ आली नि तिला दाराची काळजी! पण बंबवाल्यांतला एक तरुण हसला नाही. तो दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाला, “नाही फोडत, आजी. मी वरून येतो. तुम्ही तेवढा पदर ओला असला तर नाकाला लावून ठेवा.”

शिडी लागली. कौले फुटू नयेत म्हणून त्याने बूट खाली काढून ठेवले आणि अनवाणी वर चढला. पावसाने शेवाळलेल्या छपरावर पाय ठरणे किती कठीण असते, ते ज्याने कौले शाकारली आहेत त्यालाच ठाऊक. एकेक कौल उचलून त्याने शेजारी रचून ठेवले, हाताने एक रीप उचकटली आणि वाशांमधून अंग चोरून तो कमरेच्या दोराने खाली उतरला. प्रथम गॅसची टाकी बंद केली, मग खिडक्या उघडल्या, मग दाराचा अडसर काढला. मी पोचलो तेव्हा दार सताड उघडे होते आणि आमच्या घरातून वारा वाहत होता.

आत गेलो. आई भिंतीशी पडली होती. तिच्या डोक्याखाली त्या तरुणाने आपला जाड कोट घडी करून ठेवला होता. खुब्याचे हाड मोडले असेल तर घाईने उचलल्याने इजा वाढते, म्हणून त्याने तिला कोणालाही हलवू दिले नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबणे भाग होते. दूध आणि पाणी यांनी आईचे लुगडे भिजून अस्ताव्यस्त झाले होते, आणि एवढ्या वेदनेतही तिला त्याचीच लाज वाटत होती. ती काही बोलली नाही. नुसता पदर ओढू पाहत होती. त्या मुलाने ते पाहिले. खुंटीवरची चादर काढून तिच्या अंगावर घातली आणि तो स्वतः दाराकडे तोंड करून उभा राहिला. दारात जमलेल्या आठ-दहा माणसांना त्याने एवढेच म्हटले, “बाहेर थांबा ना जरा.”

तो पाठमोरा उभा असतानाच आईने त्याला विचारले, “बाळ, जेवलास का रे?”

“हो, आजी. मघाशीच.”

थोड्याच वेळात १०८ ची रुग्णवाहिका आली. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ सालापासून सुरू झाली. तिच्या गाडीबरोबर डॉक्टरही येतो. डॉक्टरांनी आईचा पाय फळीला बांधला, झोळणा धरायला बंबवाल्यांनीच हात लावला, आणि मी आईजवळ गाडीत बसलो. गाडी हलली तेव्हा पावसाची मोठी सर आली. त्या वेळी माझ्या मनात दुसरे काहीच नव्हते.

रात्री दहाच्या सुमारास कपडे नि पैसे नेण्यासाठी मी घरी परतलो. पाऊस दुपारपासून ओतत होता. आळीत शिरल्यावर मला एकाएकी आठवले, की आपल्या स्वयंपाकघरावर कौले नाहीत! कोपऱ्यात वर्षाच्या तांदळाची पोती होती, भिंतीतल्या फडताळात आजोबांच्या पोथ्या होत्या. सारे भिजून चिखल झाला असणार, अशी मनाची तयारी करून मी दिवा लावला.

फरशी कोरडी होती. वर पाहिले, तो कौले जागच्या जागी. उचकटलेली रीपही पुन्हा बसवलेली. एवढेच नव्हे, ओट्यावर उतू गेलेले दूध पुसून काढले होते, आणि पातेल्यात उरलेल्या दुधावर ताटली झाकून तिच्यावर वरवंटा ठेवला होता. मांजराच्या भीतीने, उघडच.

किल्ली द्यायला आलेल्या काकूंनी उलगडा केला. “तुम्ही गेलात नि सर आली. यांची माणसं निघालीच होती. तर तो मुलगा साहेबांना म्हणाला, ‘साहेब, आजींचं घर भिजेल.’ साहेबांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, ‘दहा मिनिटं.’ भर पावसात चढला हो तो. खालून दुसरा कौलं देत होता. एक फुटलं, तर तुमच्या परसातल्या ढिगातलं शोधून लावलं.”

“आणि दूध?”

“ते कोणी झाकलं, मी नाही पाहिलं.”

मी त्या पातेल्यासमोर बराच वेळ उभा होतो. गोदीतल्या ६६ जणांची गोष्ट सांगताना माझा आवाज चढे. इथे तोंडातून शब्द फुटेना. आईला वाचवणे हे त्यांचे कर्तव्य होते, असे कोणी म्हणेल. मी त्यावर वाद घालणार नाही. पण पातेल्यावर ताटली झाकावी, हे कोणत्या नियमांत लिहिलेले असते?

आता या गोष्टीतला माझ्या लाजेचा भाग सांगतो. अशा माणसांचे आभार मानायला मी दुसऱ्याच दिवशी जायला हवे होते. गेलो नाही. आईची शस्त्रक्रिया, मग तिला चालते करण्याची खटपट, शाळेची तपासणी, सहामाही परीक्षा, दिवाळी. कारणे खरीच होती. पण कारणे नेहमीच खरी असतात. आई मधून मधून विचारी, “त्या मुलाला भेटलास का?” मी म्हणे, “जातो या आठवड्यात.” तिने असे तीन-चारदा विचारले, मग विचारायचे सोडून दिले.

मार्गशीर्षातली गोष्ट. सातवीच्या वर्गाला मी निबंधाच्या वहीत पत्र लिहायला दिले होते: ‘आपल्याला साहाय्य करणाऱ्या व्यक्तीस आभारपत्र लिहा.’ पाच गुणांचा प्रश्न. रात्री वह्या तपासत बसलो होतो. कोणी मायना चुकवला होता, कोणी तारीख विसरला होता, आणि मी तांबड्या शाईने अर्धा-अर्धा गुण कापत होतो. पलीकडच्या खाटेवरून आईने विचारले, “काय वाचतोयस एवढं?”

“मुलांनी आभारपत्रं लिहिली आहेत.”

“बरं. आणि तुझं कुठं आहे?”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी अग्निशमन केंद्रात गेलो. ज्या रस्त्याने तीस वर्षे जात-येत होतो त्या रस्त्यावरच ते होते, पण आत पाऊल टाकण्याची ती माझी पहिलीच वेळ. पत्र्याच्या प्रशस्त छपराखाली दोन बंब तोंड रस्त्याकडे करून उभे होते. भिंतीशी बुटांच्या जोड्या अशा मांडल्या होत्या की पाय घातला की माणूस धावतच सुटावा. दोघे जण नळ्या धुऊन वाळत टाकीत होते; ओली नळी गुंडाळून ठेवली तर ती कुजते, असे त्यांनी मला सांगितले. बाहेरून जाणाऱ्यांना ही माणसे रिकामी बसलेली दिसतात. मलाही दिसत असत. “एका गाडीत साडेचार हजार लिटर पाणी मावतं, सर,” एक जण म्हणाला. “पण जोरात सोडलं तर काही मिनिटांत गाडी रिकामी. म्हणून गावात विहीर कुठं, हौद कुठं, कोणत्या गल्लीत गाडी वळते, हे सगळं आधीच पाठ असावं लागतं.” आमच्या आळीत बंब शिरत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले नव्हते, आधीपासून ठाऊक होते.

त्यांच्या साहेबांना मी येण्याचे कारण सांगितले. त्यांनी वर्द्या नोंदवण्याचे पुस्तक काढले. संकटाची खबर येते तिला ते ‘वर्दी’ म्हणतात. आषाढातला तो दिवस सापडला. एवढीच ओळ होती: ‘वृद्ध महिला घरात अडकली, गॅसगळती. सुटका केली.’ कौलांचा उल्लेख नाही, दुधाचा नाही. खालच्या ओळींवर नजर गेली: मांजात अडकलेली घार. विहिरीत पडलेले वासरू. रस्त्यावर कोसळलेले झाड. न्हाणीघरात कोंडले गेलेले मूल. पाने उलटीत गेलो, तर आगी थोड्या आणि हे असलेच पुष्कळ. साऱ्या गावाची अडचण त्या पुस्तकात होती, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच दोन शब्द: सुटका केली.

“तो कौलांवर चढलेला मुलगा?” मी विचारले.

नळ्या वाळत टाकणाऱ्यांपैकीच एक जण पुढे आला. हात ओले होते म्हणून त्याने ते पाठीमागे धरले. मी रात्री मनात जुळवून ठेवलेली वाक्ये बोलू लागलो. ‘ऋणी’, ‘उपकार’ असे शब्द त्यांत होते. तो संकोचला. “सर, वर्दी होती ती,” एवढेच म्हणाला. त्याचा सोबती हसून म्हणाला, “त्या दिवशी आम्ही डबे उघडले नि घंटा झाली. परत आलो तोवर भाजी आंबली होती.”

म्हणजे तो जेवला नव्हता.

मी काय बोलावे या विचारात असताना त्या मुलानेच विचारले, “सर, पन्हळीजवळचं एक कौल गळतंय का? पाऊस होता, घाईत लावलं. ते वेगळ्या घडणीचं होतं, नीट बसलं नसेल असं तेव्हाच वाटलं मला.”

गळत होते. श्रावणभर आईने त्याखाली पितळी तपेले ठेववले होते. पण पाच महिन्यांनी आभार मानायला आलेल्या माणसाने तक्रार कशी सांगावी? मी म्हणालो, “नाही, नाही. तसं काही नाही.” तीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवलेल्या माझा चेहरा काही मला साथ देईना.

तो माझ्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “रविवारी माझी सुट्टी आहे.”

रविवारी सकाळी तो आला, आमच्या घडणीचे एक जुने कौल कुठून तरी मिळवून, पोत्यात गुंडाळून. पुन्हा बूट काढून ठेवले, पुन्हा अनवाणी वर चढला. या खेपेस ऊन होते. आई चालण्याचा चौकोन धरून स्वयंपाकघरात आली आणि छपराकडे मान वर करून उभी राहिली. पहाटेपासून तिने सुनेला बसू दिले नव्हते. पुरण शिजले होते, कटाची आमटी उकळत होती. कौल निघाले, त्या फटीतून निळे आभाळ आणि त्याचा चेहरा दिसला.

“जेवलास का रे?” आईने खालून विचारले.

तो क्षणभर थांबला.

“नाही, आजी.”

आईने माझ्याकडे पाहिले. मी मुकाट्याने ताटे घ्यायला उठलो.